बी.एड.ला शिकवणाऱ्यांनी स्वतः कधी शाळेत शिकवलेलं असतं का? कॉलेज निवडायचंय, सांगा

कळंबची_लेक

नमस्कार मंडळी. माझं मॅथ्स घेऊन बी.एस्सी. झालंय, बी.एड. सीईटीला मार्क बरे पडलेत आणि आता कॅप राऊंडला (सरकारी केंद्रीय प्रवेश फेरीला) कॉलेजचे ऑप्शन भरायचेत. घरच्यांचं म्हणणं जवळचं धर, धाराशिव नाहीतर लातूर, फार तर अंबाजोगाई. पप्पा म्हणतात बी.एड.मध्ये काय असतंय, पाठ काढायचे आन पास व्हायचं, कुठून पण कर.

पण मला खरंच शिक्षिका व्हायचंय, नुसता कागद नको. म्हणून एका कॉलेजला चौकशीला गेले. क्लार्क काकांनी लायब्ररी दाखवली, लॅब दाखवली, फीचा तक्ता दिला, सगळं चांगलं बोलले. मी विचारलं मॅथ्स मेथडला, म्हणजे गणित कसं शिकवायचं त्या विषयाला, कोण शिकवतं तर एका सरांचं नाव सांगितलं, नंतर तिथल्याच सेकंड इयरच्या मुलीला विचारलं तर ती म्हणे ते सर इतिहासवाले आहेत, गणिताला माणूसच नाही म्हणून त्यांच्याकडं दिलंय. माझा आत्येभाऊ दुसरीकडं शिकला, त्याचं म्हणणं तर असं की त्याचे पाठ बघायला येणारे सर आयुष्यात कुठल्या शाळेत शिकवायला उभेच राहिले नव्हते, एम.ए. झालं, बी.एड. झालं, एम.एड. झालं आणि सरळ कॉलेजवर लागले.

तर प्रश्न असा की बी.एड., डी.एड.ला शिकवणाऱ्यांची पात्रता नेमकी काय लागते, शाळेतला अनुभव कंपल्सरी असतो का, आणि माझ्यासारखीनं हे तपासायचं कसं. कुणाला माहीत असेल तर नीट सांगा, गंमत नको.

---

सीएचबीवाला_नांदेड

ताई, मी स्वतः बी.एड. कॉलेजवर तासिका तत्त्वावर आहे त्यामुळं नियम पाठ आहेत, दर इंटरव्ह्यूला तेच विचारतात.

एनसीटीई म्हणजे शिक्षक प्रशिक्षणाचे नियम ठरवणारी केंद्राची संस्था, तिचे २०१४ चे रेग्युलेशन्स आहेत, त्यातूनच २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचं झालं. त्यात ५०-५० च्या दोन युनिटला, म्हणजे दोन्ही वर्षं धरून २०० विद्यार्थ्यांना, १६ पूर्णवेळ शिक्षक सांगितलेत. एक प्राचार्य, चार जण शिक्षणशास्त्राच्या पायाभूत विषयांचे म्हणजे मानसशास्त्र, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान वगैरे, आठ जण मेथडचे ज्यात गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र, भाषा येतात, आणि एकेक आरोग्य व शारीरिक शिक्षण, चित्रकला, आणि संगीत-नाट्य असलं काहीतरी.

मेथडवाल्याला त्या विषयात पदव्युत्तर ५५ टक्के आणि एम.एड. ५५ टक्के. म्हणजे गणिताच्या मेथडला गणितवालाच पाहिजे, इतिहासवाला नाही. वर विद्यापीठाच्या मान्यतेसाठी नेट किंवा सेट (प्राध्यापकांच्या पात्रता परीक्षा) नाहीतर पीएच.डी. बघतात. प्राचार्याला शिक्षणशास्त्रातली नाहीतर कॉलेजात असलेल्या एखाद्या मेथड विषयातली पीएच.डी. पाहिजेच.

आता तुमचा खरा प्रश्न. शाळेतला अनुभव सक्तीचा आहे का? नाही. आणि गंमत बघा, प्राचार्याला आठ वर्षांचा अनुभव लागतो, पण तो बी.एड. कॉलेजात शिकवल्याचा, शाळेत शिकवल्याचा नाही. शाळेच्या अनुभवाची गोष्ट एकाच ठिकाणी येते, ती पण तळटीपेत. दोन जागांसाठी समाजशास्त्र, मानसशास्त्र नाहीतर तत्त्वज्ञानात पदव्युत्तर, बी.एड. आणि माध्यमिक शाळेत तीन वर्षं शिकवलेलं असलं तरी चालतं, असं. म्हणजे त्या दोन जागांवर ज्याच्याकडं एम.एड. नाही त्याला शाळा बघितलेली पाहिजे, आणि एम.एड. असलं की शाळेचं कुणी विचारत नाही.

आणि मॅथ्सचा माणूस का मिळत नाही ते पण सांगतो, कारण एम.एस्सी. मॅथ्स झालेला पोरगा लातूरला नीटच्या नाहीतर जेईईच्या क्लासला महिन्याला जे कमावतो ते आम्ही तासिकेवर वर्षात बघत नाही, तो कशाला वर एम.एड. करून विनाअनुदानित कॉलेजात येईल. तुमचे इतिहासवाले सर बिचारे दुसऱ्याचं ओझं वाहायलेत, त्यांना पण ते आवडत नसणार.

---

खरं_बोलतो_परभणी

वरचे सर लई सभ्य भाषेत बोलले. १६ माणसं कागदावर असतात हो. तपासणीची कमिटी यायची म्हटलं की फोन जातात, कोट घालून या. मी असल्या एका कमिटीच्या दिवशी असे प्राध्यापक बघितलेत ज्यांना विद्यार्थी पहिल्यांदाच बघत होते आणि ते पण विद्यार्थ्यांना पहिल्यांदाच. कॉलेजचं नाव घेत नाही, घ्यायची गरज पण नाही, असली कॉलेजं कुठं आहेत ते सगळ्यांना माहितीय.

---

गुरुजी_किनवट

मी झेडपीचा मास्तर आहे, किनवट भागात, बी.एड.चं तुम्ही बघा, मी डी.एड.चं सांगतो कारण तिथं ही भानगड जास्त आहे आणि त्याच्यावर कुणी बोलत नाही.

आम्ही डी.एड. केलं त्या काळात मेरिट फार वर होतं, बारावीला फर्स्ट क्लास असून पण नंबर लागायचा नाही, मग गल्लोगल्ली विद्यालयं निघाली आणि नंतर भरती थांबली तशी धडाधड बंद पण पडली. तर आमच्या विद्यालयात मराठी अध्यापनाला जे सर होते ते एम.ए., बी.एड., एम.एड. माणूस एक नंबर, कविता शिकवायचे तर आख्खा वर्ग गप्प व्हायचा. पण त्यांचं सगळं शिक्षण आठवी ते बारावीला शिकवायचं. पहिलीचा वर्ग त्यांनी फक्त स्वतः पहिलीत असताना बघितलेला.

मला पहिली नेमणूक मिळाली तांड्यावर. घरी सगळे गोरमाटी (बंजारा बोली) बोलतात, आईला याडी म्हणतात, भाकरीला बाटी म्हणतात. बाजूच्या गावात गोंडी आणि कोलामी. ज्या लेकराला मराठीच येत नाही त्याला मराठी वाचायला कुठून सुरू करायचं, ह्याच्यावर दोन वर्षांत एक तास झाला नव्हता. हर्बार्टची पंचपदी, म्हणजे पाठाच्या पाच पायऱ्या, पाठ होती माझी. प्रस्तावना, विषय प्रतिपादन सगळं. लेकरं माझ्याकडं बघून हसायची. शेवटी शाळेच्या खिचडीवाल्या मावशीनं मला निभावून नेलं, तिला दोन्ही भाषा यायच्या, ती दारात बसून सांगायची आणि मी फळ्यावर लिहायचो.

आता ह्याच्यावरची कडी ऐका. ऑगस्ट २०२३ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की बी.एड.वाले पहिली ते पाचवीला चालणार नाहीत, कारण लहान लेकरांना शिकवायचं त्यांचं ट्रेनिंगच नाही, त्याला डी.एल.एड. (डी.एड.चंच आताचं नाव) लागतं. मला तो निकाल पटला. पण मग मला सांगा, बी.एड.वाला पहिलीला शिकवू शकत नाही आणि तोच बी.एड.वाला वर एम.एड. करून पहिलीला शिकवणारे मास्तर घडवतो, हे कसं काय बसतं? मी हे एका प्रशिक्षणात उभं राहून विचारलं होतं. चहा आला आणि विषय संपला.

---

सीएचबीवाला_नांदेड

गुरुजी मुद्दा शंभर टक्के खरा. एम.एड.मध्ये प्राथमिकचं स्पेशलायझेशन वेगळं घ्यायची सोय २०१४ च्या रेग्युलेशननं आणली, त्याच्या आधी एम.एड. म्हणजे बहुतेक ठिकाणी सरसकट एकच. आणि आज पण आपल्याकडं किती जण प्राथमिक घेतात ते मला माहितीय, नोकरी बी.एड. कॉलेजात दिसते म्हणून सगळे माध्यमिकलाच पळतात.

---

माजी_विषयसहायक_लातूर

मी काही वर्षं डाएटला विषय सहायक होतो, गणिताला, म्हणून थोडं लांबण लावतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डाएट म्हणजे जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणातून निघाली. आपल्याकडं लातूर जिल्ह्याची मुरूडला आहे, बीडची अंबाजोगाईला. कल्पना फार चांगली होती, जिल्ह्याच्या शिक्षकांना घडवणारी माणसं जिल्ह्यातच पाहिजेत, त्यांनी शाळांमध्ये फिरावं, संशोधन करावं, नवीन शिक्षक आणि नोकरीतले शिक्षक दोघांनाही शिकवावं. तिथले अधिव्याख्याते एमपीएससीतून येतात, क्लास वन क्लास टू चे. हुशार माणसं असतात यात वादच नाही, पण त्यातले बरेच जण स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासातून थेट आलेले. निम्म्या जागा रिकाम्या असल्या की जे आहेत त्यांचा सगळा वेळ अहवाल, व्हीसी (व्हिडिओ मीटिंग) आणि गूगल शीट भरण्यात जातो. आणि आम्ही विषय सहायक म्हणजे शाळेवरून घेतलेले शिक्षक, वर्ग माहीत असलेले, पण अधिकार काहीच नाही, कधी परत शाळेवर पाठवतील नेम नाही.

आता शाळेचा अनुभव का पाहिजे ते एका पाठावरून सांगतो. छात्राध्यापिका दुसरीला हातच्याची बेरीज घेत होती. ३४ अधिक २८. पाठ देखणा होता, फलक सुंदर, रंगीत काड्यांचे गठ्ठे, गाणं पण घेतलं. मागं बसून दोघं जण बघत होतो, मी आणि विद्यालयाचे एक सर. सरांनी पाठ निरीक्षण वहीत लिहिलं, फलक लेखन उत्तम, आवाजात चढ-उतार हवा, वेळेचे नियोजन करावे. सही. माझ्या पुढच्या ओळीत एक पोरगं बसलं होतं, त्याच्या पाटीवर उत्तर होतं ५१२. चार आणि आठ बारा, तीन आणि दोन पाच, लिहिलं ५१२. त्याच्या शेजारच्यानं त्याचंच बघून ५१२ केलं. बाईंनी फळ्यावर बासष्ट लिहिलं, सगळ्यांनी एका सुरात बासष्ट म्हटलं, त्या दोघांनी पण म्हटलं आणि पाटी पुसली.

पाठानंतर मी तिला ते ५१२ सांगितलं. तिला वाटलं पोरगं ढ आहे. मी म्हटलं ढ नाही, त्याला बेरीज येतीय, त्याला हे कळलेलं नाही की तिनाचा अर्थ तिथं तीस आहे. त्याच्या हातात दहाचे तीन गठ्ठे आणि सुटे चार दे, आणि सुट्या बारा काड्यांचं काय करायचं ते त्याला ठरवू दे. गठ्ठे तर तिच्या टेबलावर होते, पण तिनं ते दाखवले, पोरांच्या हातात दिले नाहीत. ते सर बाजूला उभे होते. वाईट माणूस नव्हते, उलट नंतर मला म्हणाले हे मला कुणी कधी सांगितलंच नाही हो, आमच्या पाठाला पण आवाज आणि फलकच बघायचे. मग पुढच्या वेळी ते स्वतः पोरांच्या ओळीत जाऊन बसले, वही बंद करून.

तर मुद्दा एवढाच की पाठ बघणाऱ्याची नजर शिक्षकावर असते का पोरांच्या पाटीवर. ज्यानं वर्ग घेतलाय त्याची नजर आपोआप पाटीवर जाते.

---

एमएड_मॅडम_संभाजीनगर

सगळ्यांचं वाचलं, बरंचसं पटलं, पण एक उलटी बाजू मांडते. रागावू नका.

शाळेचा अनुभव असला म्हणजे शिक्षक घडवता येतात हे काही खरं नाही. पंचवीस वर्षं सर्व्हिस झालेले आणि पंचवीस वर्षं गाईड समोर धरून शिकवलेले लोक मी बघितलेत. ते बी.एड.ला आले तर पोरींना काय सांगणार, वर्ग शांत कसा ठेवायचा एवढंच. स्वतःला चांगलं शिकवता येणं वेगळं आणि मी हे असं का करते ते दुसऱ्याला उलगडून सांगणं वेगळं. वरचे माजी विषय सहायक सर ते ५१२ वाचू शकले कारण त्यांना मुलं संख्या कशी शिकतात हे माहिती होतं, आणि ते नुसत्या सर्व्हिसनं येत नाही, वाचावं लागतं, त्याच्यावर कुणीतरी बोलावं लागतं. शुलमन नावाच्या अमेरिकन शिक्षणतज्ज्ञानं १९८६ ला हेच मांडलं, विषय येणं एक, शिकवण्याची तंत्रं येणं एक, आणि ह्या विषयात पोरं नेमकी कुठं अडकतात ते माहीत असणं हे तिसरंच ज्ञान.

खरं दुखणं पुढं आहे. शिक्षकांना घडवणाऱ्यांना घडवतं कोण? माझं एम.एड. जुन्या एक वर्षाच्या पद्धतीनं झालं. थेअरीचे पेपर आणि प्रबंध. प्रबंधात मी टक्केवारी काढली, टी-टेस्ट लावली, बाइंडिंग केलं. दुसऱ्याचा पाठ कसा बघायचा, पाठानंतर त्या पोरीशी काय आणि कसं बोलायचं, हे मला एकदाही शिकवलं नाही. सेटला तर सगळे ऑब्जेक्टिव्ह प्रश्न, पियाजे, ब्रूनर, आयोग आणि साल. मी पास झाले, सोमवारपासून प्राध्यापक. आता दोन वर्षांच्या एम.एड.मध्ये अध्यापक महाविद्यालयात जाऊन इंटर्नशिप करायची सोय आहे, ते बरं झालं, फक्त ती खरोखर होते का हे कॉलेजावर आहे.

न्या. वर्मा आयोगानं २०१२ ला शिक्षक शिक्षणाच्या सगळ्या अवस्थेवर बोट ठेवलं होतं, त्यातूनच हे दोन वर्षांचं सगळं आलं. २०२० च्या धोरणात पण लिहिलंय की शिक्षणशास्त्र विभागात वेगवेगळ्या पार्श्वभूमीची माणसं पाहिजेत, मानसशास्त्र, बालविकास, भाषाशास्त्र, समाजशास्त्र, आणि शिकवण्याचा, फील्डचा, संशोधनाचा अनुभव मोलाचा मानायचा. वाचायला छान आहे. आमच्या विभागात भाषाशास्त्रवाला आला असता तर किनवटच्या गुरुजींसारख्यांना खिचडीवाल्या मावशीवर अवलंबून राहावं लागलं नसतं. तसा मला त्या मावशीचं कौतुकच जास्त वाटलं.

---

गुरुजी_किनवट

मॅडम, मावशीला भेटलो की सांगतो. तिला मानधन अजून मागच्या महिन्याचं यायचंय.

---

सीएचबीवाला_नांदेड

मॅडमचं बरोबर. माझी अजून एक तक्रार ऐका. मी कॉलेजवर यायच्या आधी एका खाजगी माध्यमिक शाळेत शिकवलंय, आठवी नववीला विज्ञान, पण विनाअनुदानित होती, मान्यता नव्हती, पगार हातात आणि तो पण कधीमधी. त्यामुळं माझ्या एपीआयच्या (प्राध्यापकाच्या कामाला मार्क द्यायच्या) फाईलमध्ये त्या अनुभवाला शून्य किंमत. उलट एखाद्या कॉन्फरन्सला पेपर वाचला की मार्क मिळतात. सिस्टीमच सांगतीय की शाळेत जाऊ नका, कॉन्फरन्सला जा.

---

कळंबची_लेक

बापरे, एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. ५१२ वालं तर मी घरी छोट्या भाचीला करून बघितलं, तिनं ३४ आणि २८ चं खरंच ५१२ केलं, मी थक्क झाले.

आता मी काय केलं, तीन कॉलेजच्या वेबसाईट बघितल्या. एकावर स्टाफ लिस्ट फोटोसकट आहे, दुसऱ्यावर लिस्ट आहे पण शिक्षण लिहिलेलं नाही, तिसऱ्याची साईट उघडतच नाही. पहिल्या कॉलेजात गणिताला एक मॅडम आहेत, एम.एस्सी. मॅथ्स, एम.एड., सेट. आधी शाळेत होत्या का ते कळत नाही. एवढ्यावर भरोसा ठेवू का?

---

सीएचबीवाला_नांदेड

स्टाफची माहिती शिक्षण आणि फोटोसकट साईटवर टाकणं एनसीटीईच्या नियमानं बंधनकारक आहे, म्हणून ज्याची साईट उघडत नाही ते कॉलेज आधी बाजूला ठेवा. एम.एस्सी. मॅथ्स अधिक एम.एड. मराठवाड्यात मिळणं म्हणजे लॉटरीच, फक्त त्या मॅडम अजून तिथंच आहेत का बघा, साईट तीन तीन वर्षं कुणी बदलत नाही. सेकंड इयरच्या पोरींना विचारा की मागच्या आठवड्यात मॅडमनी काय शिकवलं. पोरींनी ते नीट सांगितलं म्हणजे मॅडम खरंच आहेत.

---

निवृत्त_हेडमास्तर_अंबड

पोरी, तू चुकीच्या ठिकाणी चौकशी करायलीस. कॉलेजात नको विचारू, शाळेत विचार.

बी.एड.ला आता वीस आठवडे आंतरवासिता (शाळेतली इंटर्नशिप) असते, पहिल्या वर्षी चार आणि दुसऱ्या वर्षी सोळा. म्हणजे प्रत्येक कॉलेजची पोरं आसपासच्या कुठल्या तरी हायस्कूलला जातात. मी हेडमास्तर असताना माझ्या शाळेत दोन कॉलेजची पोरं यायची. एका कॉलेजचे सर यायचे, माझ्या ऑफिसात बसायचे, चहा घ्यायचे, पोरं वह्यांचा गठ्ठा घेऊन यायची आणि सर तिथंच सह्या करायचे, चाळीस वह्या अर्ध्या तासात. दुसऱ्या कॉलेजच्या एक बाई होत्या, त्या माझ्या ऑफिसात फक्त येताना आणि जाताना यायच्या. पूर्ण तास शेवटच्या बाकावर. एकदा तर त्यांच्या विद्यार्थिनीला नववीला अपूर्णांकाचा भागाकार समजावता येईना, तर दुसऱ्या दिवशी त्याच वर्गावर बाईंनी स्वतः तास घेतला आणि त्या पोरीला मागं बसवलं. माझे शिक्षक पण जाऊन बसले. मला त्यांची डिग्री काय होती ते आज पण माहीत नाही.

कुठल्या कॉलेजचे सर सह्या करतात आणि कुठले वर्गात बसतात, हे त्या गावातल्या प्रत्येक हेडमास्तरला माहीत असतंय. विचारलं तर सांगतात, फक्त स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर विचारू नको.

---

कळंबची_लेक

काका हे भारी सांगितलं. पण कुठल्या शाळेत पोरं जातात ते कसं कळणार?

---

निवृत्त_हेडमास्तर_अंबड

सेकंड इयरची जी मुलगी तुला भेटली होती तिलाच विचार, तिची शाळा कोणती होती. मग शाळा सुटायच्या टायमाला जा, सकाळी परिपाठाच्या गडबडीत कुणी बोलणार नाही. ऑप्शन फॉर्मची शेवटची तारीख बघून घे आधी.